लाल बटन

मुलगा आळशी नव्हता, हे आधीच सांगतो. मोबाईलवरच्या लढाईच्या गेमच्या स्पर्धेत त्याचा संघ पुढच्या फेरीत गेला होता, म्हणून तो कित्येक रात्री झोपलाच नव्हता. डोळे जळायला लागले की पाणी मारायचा आणि पुन्हा खेळायला बसायचा. त्या सकाळी लोणखेडा गावातल्या त्यांच्या गोठ्यात बाप चारा बारीक कापणाऱ्या कुट्टी मशीनमध्ये कडबा घालत होता. “उठना का लढाईवाला? बटनजोडे उभा ऱ्हाय,” बाप हसत म्हणाला. मुलगा मशीन बंद करायच्या लाल बटनाशी जाऊन उभा राहिला. कडब्याबरोबर बापाच्या सदऱ्याची बाही दातेरी रुळांत अडकली आणि मशीन त्याचा हात पात्याकडे ओढू लागलं. “बंद कर! बंद कर रे!” मुलाने ऐकलं, अंगठा बटनावर नेलासुद्धा. पण ते बटन जोर लावून दाबावं लागतं, आणि त्याचा अंगठा मोबाईलच्या काचेवर करतो तशी नुसती टकटक करत राहिला. मशीन थांबेना. बापाची बोटं रुळांना टेकली. मुलाला सगळं दिसत होतं, तरी अंगठ्याला जोर लावणं आठवेना. गोठ्याच्या दारात आलेल्या आईने हातातली बादली टाकली, धावत आली आणि तळहाताने बटन जोरात दाबलं. पातं थांबलं. बापाने फाटक्या बाहीतून हात सोडवला आणि पाचही बोटं हलवून पाहिली. मग मुलाकडे पाहिलं. अंगठा अजून टकटक करत होता. “मन्हा हात वाचना,” बाप म्हणाला, “तुन्हा गया रे भाऊ.”