पाचवा हिस्सा

फ्लास्क पोषक द्रवाने काठोकाठ भरून निमकर सरांनी त्यात शेवटच्या कुपीतले जिवाणू सोडले आणि कापसाचा बोळा घट्ट दाबला. तरुणपणी गरम झऱ्यातून आणलेलं वाण त्यांनी मागणाऱ्या कुठल्याच प्रयोगशाळेला दिलं नव्हतं. आता मेलं तर संपलंच.

दुसऱ्या दिवशीही द्रव नितळच, जिवाणूंची वाढ नाही. काचसामान धुणाऱ्या इंदुबाई म्हणाल्या, "सर, पोरांना ओरडायचात, पाचवा हिस्साच भरा, हवा खेळू द्या. मग ही लोणच्याची बरणी कशाला?"

सर ओशाळले. बर्नरजवळ त्यांनी द्रव पाच फ्लास्कमध्ये वाटला, बोळे सैल बसवले, फ्लास्क गरम ठेवून हलवणारा शेकर सुरू केला. द्रव झुलू लागला. बघताबघता सरांचा डोळा लागला. ते झऱ्याकाठच्या वाफेत उभे होते, केस काळेभोर.

"उठा सर, जगले!" सकाळी इंदुबाईंनी हाक मारली.

पाचही फ्लास्क तांदळाच्या धुवणासारखे गढुळले होते. एक जवळ ठेवून सरांनी उरलेल्या चारांवर, आपण आजवर नकार दिलेल्या प्रयोगशाळांची नावं लिहिली.