जमिनीलगतचा कॅमेरा

तेराव्याचं जेवण उरकलं आणि रिवाजाप्रमाणे भिंतीवर विश्वासरावांचा मनपट लावला. गेलेल्या माणसाच्या आठवणी, डोळ्यांना दिसल्या तशा नव्हे, मनाला वाटल्या तशा. अलीकडे फोटोला हार घालण्याइतकंच ते अंगवळणी पडलं होतं.

त्यांची बायको शैलजाताई पुढच्या खुर्चीत बसल्या. कोल्हापुरात तीस वर्षं त्यांनी सिनेमाचं छायाचित्रण शिकवलं होतं.

पहिल्याच दृश्यात त्या होत्या, नव्या नवरीच्या वेशात, स्वयंपाकघराच्या दारात. कॅमेरा, म्हणजे विश्वासरावांची मनातली नजर, जमिनीलगत होता. त्यांचं डोकं छताला टेकलं होतं.

"वहिनी, किती मोठं मानायचा दादा तुम्हाला," नणंद डोळे पुसत म्हणाली.

शैलजाताईंची नजर कॅमेऱ्याच्या कोनावर होती. विश्वासराव सहा फूट उंच, त्या जेमतेम त्यांच्या खांद्याला लागत. तरी मुलाच्या बारशात, महाबळेश्वरच्या सहलीत, सगळीकडे कॅमेरा खालीच. एखाद्याची दहशत दाखवायची तर त्याला असं खालून टिपायचं, हे त्या दरवर्षी पहिल्याच तासाला सांगत.

शेवटचं दृश्य आजारपणातलं होतं. चमच्यात औषध घेऊन त्या हसत पलंगाकडे येत होत्या. त्या एक पाऊल पुढे आल्या की कॅमेरा एक पाऊल मागे सरके. पाठीला भिंत लागेपर्यंत तो सरकतच राहिला.

"असं कसं होईल," त्या पुटपुटल्या. "अर्धांगवायूनंतर तीन वर्षं त्यांची कूससुद्धा मीच बदलत होते."