कातीखालची रेघ

“अहो, आधी तो कप खाली ठेवा आणि मग इकडे या.”

वडिलांनी कप ठेवला. लाकूड घट्ट धरणाऱ्या शेगड्यात आवळलेल्या धनुष्यावर आई वाकली होती. मुठीच्या थोडं वर एक बारीक काळी रेघ आडवी गेली होती. नखाएवढी लांब, किंचित वाकडी.

“भेग?” वडिलांनी विचारलं.

“मला काय विचारताय? पाठ तुम्ही सजवलीत.”

पाठ म्हणजे धनुष्याची बाणाच्या दिशेची बाजू. दोरी ओढली की तिथलं लाकूड ताणलं जातं. रेघ उभी असती तर आईने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं, लाकडाचे तंतू उभेच असतात. आडवी रेघ म्हणजे तंतू तुटलेले. असं धनुष्य ओढणाऱ्याच्या तोंडावर फुटतं. आणि लेक ते न्यायला घरून निघालीही होती. उद्या तिची स्पर्धा होती. आईच्या हातचं धनुष्य घेऊन ती पहिल्यांदाच उतरणार होती.

या घरात लाकूड आईचं आणि सजावट वडिलांची. लेकीने फोनवर बजावलं होतं, “बाबा, नक्षीबिक्षी नको हं. टोकाला वजन वाढलं की बाण मंदावतो.” वडिलांनी त्यावरही तोड काढली. सरपणाच्या ढिगात सापाची एक अख्खी कात सापडली होती. तिला वजन असं नसतंच. मधोमध कापून, सरस लावून त्यांनी ती मुठीपासून दोन्ही टोकांपर्यंत चिकटवली. सुरकुती शोधूनही सापडली नसती.

आईने कापसाचा बोळा घेतला. भेग असली की कापूस तिथे अडकतो, ही तिची नेहमीची परीक्षा. मुठीकडून टोकाकडे बोळा घसरत गेला. उलट फिरवला तर जागोजागी अडकला.

“खवले आहेत ते,” वडील म्हणाले. “एका दिशेने गुळगुळीत, दुसऱ्या दिशेने—”

“कळतंय मला. आणि रेघ तर कातीच्या खाली आहे.”

“जरासं वाकवून बघू या?”

“बघा ना. भेग असेल तर लगेच कळेल. धनुष्य तेवढं राहणार नाही.”

आईने बोळा टाकून दिला. “तिला म्हणते, जुनंच घेऊन जा. हे भिंतीवर टांगू. देखणं तर झालंच आहे, तुमच्या कृपेने.”

टोमणा खरा होता. इतकं नीट काम वडिलांच्या हातून आजवर झालं नव्हतं. खिडकीतल्या उन्हात एकेक खवला वेगळा दिसत होता. वडिलांनी त्यांच्यावरून एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी चाकू उचलला.

“अहो! काय करताय?”

“सोलतोय.”

“मग पाणी लावून सैल तरी करा.”

“लाकूड ओलं होईल. तिला उद्या वापरायचंय.”

चाकूने त्यांनी धनुष्याच्या वरच्या टोकाशी कातीची कड उचलली, चिमटीत धरली आणि ओढली. टर्र आवाज झाला. एक तुकडा निघाला, मग दुसरा. रेघेपाशी येऊन ते थांबले.

“तू ओढ.”

“तुम्ही लावलीत, तुम्हीच ओढा.”

वडिलांनी डोळे मिटून ओढली.

“उघडा डोळे,” आई म्हणाली.

खाली लाकूड स्वच्छ होतं. रेघ कातीबरोबर निघून आली होती. आईने ती नखाने सोडवली आणि उजेडात धरली. एक केस होता. टोकाकडे काळाभोर, मुळाशी पांढराशुभ्र.

तिने नवऱ्याच्या मिशीकडे पाहिलं.

“ब्रशचा असेल,” वडील म्हणाले.

“ब्रशला कधीपासून कलप लावायला लागलात?”

एवढं बोलून आईला जे हसू फुटलं ते आवरेना. ढलप्यांच्या ढिगावर ती मटकन बसली. वडीलही हसू लागले. लेक दारात येऊन उभी राहिली तरी दोघांना पत्ता नव्हता.

“काय झालंय तुम्हा दोघांना?”

“काही नाही गं,” आईने डोळे पुसले. “तू ये. दोरी चढव आणि ओढून बघ.”

लेकीने धनुष्य शेगड्यातून सोडवलं, दोरी चढवली आणि हनुवटीपर्यंत ओढली. लाकूड करकरलं नाही. तिने सावकाश हात पुढे आणला, पुन्हा ओढली.

“आई गं,” ती म्हणाली. “हे तर लोण्यासारखं येतंय!”

मग तिने धनुष्य उन्हाकडे कलवलं. कात निघाली होती, पण वाळलेल्या सरसावर खवल्यांचा ठसा तसाच राहिला होता. समोरून काही दिसत नव्हतं. तिरकं धरलं की मुठीपासून टोकापर्यंत बारीक जाळी चमकून उठत होती.

“बाबा, मी नको म्हटलं होतं ना?”

“हो, म्हणजे… ते…”

लेकीने जाळीवरून अंगठा फिरवला. “पण याला तर वजनच नाही. कसं जमवलंत?”

वडिलांनी आईकडे पाहिलं. आईने छताकडे पाहिलं.

लेकीने धनुष्य उलटं केलं. मुठीच्या खालच्या अर्ध्या भागावर कात अजून होती. “आणि हे अर्धवट का सोडलंत? इकडेही तसंच पाहिजे मला.”

वडिलांनी चाकू तिच्या हातात दिला. “घे. कड उचल, आणि थांबू नकोस. ओढ.”

तिने ओढली. टर्र. लहानपणी खपली काढताना व्हायचा तसा तिचा चेहरा झाला. तुकड्यामागून तुकडा काढत ती पार टोकापर्यंत गेली. तिथे लाकूडच संपलं.

“एवढंच?” ती म्हणाली. “अजून कशावर लावलीय?”