डोळा लागला

कार्डिफच्या ऑफिसातून घरी निघालेल्या निरंजनचा ट्रेनमध्ये डोळा लागला आणि जाग आली तेव्हा त्याचं स्टेशन मागे पडलं होतं. गाडी बॅरी आयलंडला, थेट समुद्राशी थांबली होती. "प्रमोशन झालं की जाऊ," असं तो मुलीला सांगायचा, तोच हा समुद्र. प्रमोशन होऊनही वर्ष उलटलं होतं. बूट हातात घेऊन तो अर्धवट झोपेतच पाण्यात उतरला. पायाखालून वाळू हलकेच सरकत होती, जणू कुणी झोका देत होतं. बॉसचा फोन त्याने तसाच वाजू दिला. रिंग थांबल्यावर बायकोला फोन लावला. "वैदेही, मी चुकून बॅरीला आलोय." ती म्हणाली, "मग तिथेच थांब. आम्ही येतो." पुढच्या गाडीने दोघी आल्या. लेक धावत येऊन बिलगली. "बाबा, तू हरवला होतास?" "हो गं," तो म्हणाला, "बरेच दिवस."