मृण्मयीसाठी साक्ष

"मधल्या सुट्टीत मृण्मयी कुठे होती, तुला माहीत आहे?" प्राचार्यबाईंनी तहसीनला विचारलं.

मृण्मयी टेबलाशी उभी होती. बारावीच्या प्रॅक्टिकलचे पेपर कपाटातून चोरीला गेले होते आणि आळ तिच्यावर आला होता. मी वाचनालयात होते, असं ती रडत रडत सांगत होती. तिथे तेव्हा दुसरं होतं कोण? एकटी तहसीन.

तहसीनच्या मनात उकळ्या फुटल्या. गेल्या वर्षी याच खोलीत मृण्मयीने आईची शपथ घेऊन परीक्षेत सापडलेली स्वतःची चिठ्ठी तहसीनच्या नावावर खपवली होती. तहसीनचं वर्ष गेलं. बरोबरीच्या मुली बारावीत गेल्या, ती अकरावीतच राहिली. भद्रकालीच्या बाजारात अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. तिथेही लोक मुद्दाम थांबून विचारत, "मुलगी कॉपीत सापडली म्हणे?"

आता तर खोटं बोलायचीही गरज नव्हती. 'लक्षात नाही' एवढं म्हटलं की मृण्मयीचं वर्ष गेलंच. तहसीनने ते शब्द जिभेवर घोळवले. गोड लागले.

आणि नेमके अब्बा आठवले. "मीपण तिच्याबद्दल खोटं सांगेन, मग कळेल तिला," असं ती तेव्हा दुकानात ओरडली होती. डोळ्यावरचं भिंग न काढता ते म्हणाले होते, "गवाही अमानत होती है, बेटा. दुश्मन की भी." साक्ष ही सांभाळायला दिलेली ठेव, शत्रूचीसुद्धा! तेव्हा तिला त्यांचा भयंकर राग आला होता. आत्ताही आला.

"तहसीन?"

"माझ्यासमोरच बसली होती," ती कशीबशी म्हणाली. "सुट्टी संपेपर्यंत. जागची हलली नाही."

बाईंनी दोघींना जायला सांगितलं. व्हरांड्यात मृण्मयीने तहसीनचा हात धरला. "तू... तू मला माफ केलंस?"

तहसीनने हात झटकला आणि मागे न बघता जिना उतरली.

संध्याकाळी मगरिबची नमाज झाली. अम्मी उठली, तहसीन मात्र हात पसरून बसून राहिली. वर्षभर मागत होती तेच तिने आजही मागितलं: मृण्मयीला शिक्षा दे. आज त्यापुढे एवढंच जोडलं: तिने खरोखर केलेल्या गुन्ह्याची.