चौथ्या थरातली चूल

जबलपूरजवळ, नर्मदेकाठच्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ प्रणाली चौथ्या थरापर्यंत पोचली होती. जितकं खाली जावं तितकं जुनं, हा या विद्येचा पहिला धडा. वरचे तिन्ही थर अभंग होते. खाली सापडलेली चूल चार हजार वर्षांपूर्वीची होती.

मजूर बळीरामनं चुलीतल्या राखेत हात घातला आणि झटकन मागे ओढला.

"दीदी, राख काहून गरम लागून राहिली?"

"उन्हानं, काका."

"इथं ऊन कुठं येऊन राहिलं?"

खड्डा सकाळपासून सावलीतच होता. बळीराम शिडीकडे सरकला.

प्रणालीनं बोट टेकवलं. चटका बसला. तरी सवयीनं ती वाकली आणि चुलीच्या काठावरची धूळ हळूहळू फुंकू लागली. राखेत एक निखारा लाल झाला.

ती फुंकायची थांबली.

राखेखालून कुणीतरी फुंकतच राहिलं.