ओला पाय

"पाणी?" योगीराजनं विचारलं. "प्यायला का?"

"न्हाई. पायावर घ्यायला," कावेरी म्हणाली.

परभणीच्या बाजारात वीस वर्षं बूट विकणाऱ्या योगीराजकडं असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं होतं. कावेरीनं त्याला नीट समजावलं. रविवारी ट्रायथलॉन आहे. आधी पोहायचं, तसंच निथळत्या अंगानं सायकलवर बसायचं आणि सायकल टाकली की पळत सुटायचं. पाय पुसायला, मोजे चढवायला कुणी थांबत नाही. तेव्हा बूट ओल्या पायावरच घालून बघायला हवा.

"बघा की," योगीराज म्हणाला. "पण ओला पाय आत गेला की बूट तुमचा. मग मी तो दुसऱ्याला कोणत्या तोंडानं विकू?"

त्याचंही खरंच होतं. समोर तिच्या मापाचे दोनच जोड होते, एक नारंगी आणि एक करडा. दोन्ही घेण्याइतके पैसे तिच्याकडं नव्हते. रविवारी पहिल्या दोघी राज्याच्या संघात जाणार होत्या. गेल्या वर्षी पोहण्यात आणि सायकलीत ती सगळ्यांच्या पुढं होती. पळताना टाचेचं कातडं सोललं आणि तीन किलोमीटरनंतर ती भर रस्त्यात बसली.

तिचे वडील भुजंगअण्णा शेजारच्या स्टुलावर बसले होते. त्यांनी दोन्ही बुटांत आलटूनपालटून हात घातला, टाचेच्या जागी बोट फिरवलं.

"करडा मऊ हाय गं. नारंगीला आतून शिवण लागायली."

"अण्णा, तुमी राहू द्या." तिचा आवाज चढला. "मागल्या साली तुमीच आणले होते. अन् वरून मलाच म्हणलात, एवढ्याशा फोडाला बसलीस व्हय?"

दुकानात आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं होती. सगळ्यांनी ऐकलं. अण्णांनी बूट जागेवर ठेवले आणि हात मांडीवर घेतले. कावेरीला बोलून गेल्याचं वाईट वाटलं, पण माघार घ्यावी इतका राग काही उतरला नव्हता.

तिनं नारंगी जोड उचलला. पायांवर तांब्याभर पाणी ओतलं, पाय आत सारले, नाड्या करकचून ओढल्या आणि समोरच्या गल्लीत पळू लागली. पहिली फेरी झकास झाली. दुसरीही. पाचव्या फेरीला उजव्या टाचेवर बारीक आग व्हायला लागली. नवा आहे, सैल होईल, असं तिनं मनाला सांगितलं. आठव्या फेरीला मनही ऐकेना. पायरीवर बसून तिनं बूट काढला. शिवणीच्या जागी टाच लालबुंद झाली होती.

योगीराजनं गुपचूप बिलबुक पुढं ओढलं. कावेरीला रडू फुटायचंच बाकी होतं. अण्णांकडं बघायची तिची हिंमत होईना.

"आण इकडं," अण्णा म्हणाले.

त्यांनी चपला काढल्या, तांब्यात उरलेलं पाणी आपल्या पायांवर घेतलं आणि नारंगी बुटात पाय घातले. पंजा आवळला, पण बसला.

"मामा, लेडीज हायत ते," योगीराज म्हणाला.

"असू दे. हे माझे झाले, बिल करा. आता पोरीला दुसरा द्या."

करडा जोड घालून कावेरी वीस फेऱ्या पळाली. योगीराज काउंटर सोडून दारात येऊन उभा राहिला. तिनं धापा टाकत बूट काढला, टाचेवरून बोट फिरवलं. कुठं ओरखडासुद्धा नव्हता.

दोघं बसस्टँडकडं निघाले. अण्णांच्या पांढऱ्या पायजम्याखाली भडक नारंगी बूट बघून लोक वळून हसत होते.

"अण्णा, चपला घाला की आता."

"चल तू."

चौकापर्यंत ते तिच्या पुढं होते. मग बरोबरीनं चालू लागले, मग मागं पडले. त्यांची गंगाखेडची बस लागलेली दिसत असूनही ते स्टँडच्या बाकावर टेकले. कावेरीनं खाली बसून त्यांचे बूट ओढून काढले. दोन्ही टाचा सोलून निघाल्या होत्या.

"कशाला घातले तुमी? पिशवीत चपला होत्या ना."

अण्णा आपल्या टाचांकडं बघत राहिले.

"दुकानापासनं इथपत्तर येताना जीव गेला माझा," ते म्हणाले. "अन् तू असल्या पायानं तीन किलोमीटर पळालीस."